पट्टा बदलायला आलेली बाई

“आधी नाव विचारलं. मी सांगितलं. मग मारलं,” घड्याळजी म्हणाले.

नववीचा वर्ग गप्प होता. एरवी इतिहासाच्या तासाला शेवटचे दोन बाक बाजार भरवायचे. आज तेही माना पुढे काढून ऐकत होते. फळ्यावर बाईंनी लिहिलं होतं, ‘द्वेषातून होणारे गुन्हे’. नुसता धडा वाचून पोरांना काही कळायचं नाही, ज्याच्यावर बेतलं त्यालाच बोलवा, ही कल्पना मुख्याध्यापकांची. फोन करायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. घड्याळजी नाही म्हणतील, अशी बाईंना आशा होती. ते लगेच हो म्हणाले.

“चोर होते का काका?” पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

“छे गं. गल्ल्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. आमची माणसं इथे नकोत, एवढंच त्यांना सांगायचं होतं.” त्यांनी उजवा हात वर केला. तीन बोटं मिटतच नव्हती. “मोहरीपेक्षा बारीक स्क्रू धरायचो मी यांनी. ते काम गेलं. ते एक वेळ सोसलं. पण माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. आता कॉलेजात जाते. अजूनही बाहेर कुणी नाव विचारलं की ती आधी माझ्याकडे बघते. सांगू का, म्हणून.”

त्याच मुलीनं विचारलं, “दुकानात तुम्ही एकटेच होतात?”

“नाही. एक बाई होत्या. घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्या. त्यांनाही नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, तसे ते चौघं दारातून बाजूला झाले. ‘ताई, तुम्ही जा,’ म्हणाले. अगदी अदबीनं.”

खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षांपूर्वीच्या त्या ताई म्हणजे त्याच होत्या. रस्ता ओलांडेपर्यंत मागून आवाज येत होते. त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी पोलीस दारात आले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मी आधीच निघाले होते. मी काही पाहिलं नाही.” दुसरा साक्षीदार नव्हता. चौघंही सुटले. पुढे बाईंचं लग्न झालं, आडनाव बदललं, चष्मा लागला, अंग भरलं. आता आपल्याला कोण ओळखतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

“त्या बाई दिसल्या तर ओळखाल, काका?”

घड्याळजींनी मान हलवली. “नाही गं. चेहरा नाही आठवत.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. आणि पडला म्हणूनच त्यांना स्वतःची शिसारी आली.

बोलणं संपल्यावर बाई घड्याळजींना जिन्यापर्यंत पोचवायला गेल्या. बोलायचं खूप होतं. तोंडून निघालं ते एवढंच, “पाणी आणू का?”

“नको. फोनवर तुमचा आवाज ऐकला, तेव्हाच ओळखलं मी,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“मग वर्गात...?”

“मी काय, आता घरी जाईन. या पोरांना उद्याही तुमच्याकडूनच शिकायचंय.”

डाव्या हातानं कठडा धरून ते सावकाश खाली उतरले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. मग वळल्या.

वर्गात पोरं दप्तरं आवरत होती. बाई दारातून आत आल्या, खुर्चीत न बसता टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “काकांनी तुम्हाला एक गोष्ट खोटी सांगितली. माझ्यासाठी.”