दाराबाहेर

उशिरा येणाऱ्याला मी तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं करते. आता नवा नियम आलाय, कुणालाही वर्गाबाहेर काढायचं नाही. नियम करणाऱ्यांच्या ताब्यात एकदा नववीचा वर्ग द्यायला हवा, पण ते जाऊ दे.

नियम पाळला जातो का, ते बघायला आज शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मुख्याध्यापक सकाळपासून माझ्या मागे लागले होते. "बाई, आजचा दिवस तरी कुणाला बाहेर काढू नका. आपल्या दोघांच्याही अंगाशी येईल."

"नाही काढत," मी म्हणाले.

फळ्यावर प्रमेय अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात पाठीमागे दार करकरलं. मी वळूनही पाहिलं नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "उशीर झालाय. बाहेर उभं राहायचं."

दार मुकाट्यानं बंद झालं.

थोड्या वेळानं बाहेरून मुख्याध्यापकांचा घाबरलेला आवाज आला, "अहो साहेब, तुम्ही इथे बाहेर का उभे?"

 

"हळू बोला हो. दहावीत असाच बाहेर बोलताना सापडलो होतो, तर याच बाईंनी पुढचा तासही बाहेरच ठेवलं होतं मला."