पाव चालू

एक चमचा जळक्या साखरेच्या पाण्यात बेकरीवाल्याला तीन गोष्टी मिळत: मैद्याच्या पावाला तपकिरी रंग, दीडपट भाव आणि समोरच्या दवाखान्यातून बाहेर पडणारं सगळं गिऱ्हाईक. पांढऱ्या पावाला हात लावायचा नाही, अशी ताकीद घेऊन आलेली माणसं या ब्राऊन ब्रेडकडे औषधासारखी बघत. खोटं मात्र त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "हा साखरेला चालतो ना?" असं कुणी विचारलं की तो म्हणे, "सगळे हाच नेतात."

त्या सकाळी रांगेत सात माणसं होती. त्याची वहिनी रांग सोडून थेट गल्ल्याशी आली. मागून दादा, डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी, चपलेत पाय अर्धाच घातलेला.

"भावजी, जरा हे बघा." तिने वही उघडून गल्ल्यावर ठेवली.

वहिनीने तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली होती. नवऱ्याची साखर वाढल्यापासून प्रयोगशाळा घरी आली. सकाळी एकच पदार्थ. खाण्याआधी बोटाला सुई, दोन तासांनी पुन्हा सुई.

"सुरुवात रोज एकशे तीसच्या आसपास. दोन अंडी खाल्ली, एकशे छत्तीस. सफरचंद, एकशे अठ्ठावन्न. छोटं केळं, एकशे सत्तर. आणि तुमच्या ब्राऊन ब्रेडचे दोन काप, दोनशे एकेचाळीस! म्हटलं, माझंच काही चुकलं. परवा पुन्हा केलं. दोनशे अडतीस."

"मशीन जुनं असेल, वहिनी."

"मशीनचा राग तुमच्या पावावरच तेवढा आहे का?"

रांगेत कुणीतरी हसलं, मग कुणी हसेना. निळ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने हातातला पाव उलटा करून बघितला, जणू खाली काही लिहिलेलं असावं.

वहिनीचा आवाज उतरला. "जखम भरत नाहीये. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर साखर अशीच राहिली तर अंगठा ठेवता येणार नाही. म्हणून विचारते. यात घालता तरी काय?"

बेकरीवाल्याने फडकं घेतलं आणि स्वच्छ गल्ला पुसायला लागला. सांगावं, तर ही सात गिऱ्हाइकं आत्ताच्या आत्ता गेली. आणि सात जण संध्याकाळपर्यंत सत्तर जणांना सांगणार. न सांगावं, तर समोर ती पट्टी. तो पुसतच राहिला.

धाकट्याचं तोंड वाचायला दादाला चष्मा लागत नसे. त्याने एकदा फडक्याकडे पाहिलं, एकदा रांगेकडे.

"पावाचं काही नाही गं," तो म्हणाला. "मीच बिस्किटं खाल्ली."

"कधी?"

"दोन्ही वेळा. तू आंघोळीला गेलीस की."

"गोड?"

"मग काय, कडू?"

"आणि घरात आली कुठून?"

दादाने हनुवटीने भावाकडे दाखवलं. वहिनी गर्रकन वळली. "भावजी! तुम्ही देता?"

फडकं थांबलं. बेकरीवाल्याला उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही.

"मागितली की नाही म्हणवत नाही हो, वहिनी. मोठा भाऊ आहे."

रांग खळखळून हसली. "आमच्याकडे तर उशीच्या अभ्र्यात सापडली होती," असं म्हणून टोपीवाल्याने पाव सरळ केला आणि आणखी एक मागितला. मागची बाई म्हणाली, "असा भाऊ मिळायला नशीब लागतं." कुठला भाऊ, ते तिला कुणी विचारलं नाही.

"तरी म्हटलं, ब्राऊन ब्रेडने कशी चढेल! देव पाण्यात घालून बसलेय मी, आणि हे बिस्किटं चघळतायत," असं पुटपुटत वहिनी पायरीवर बसून वहीत खाडाखोड करायला लागली. रांग सरकली, संपली. दादा पाव घ्यायला गल्ल्यावर वाकला.

"उद्यापासून अर्धं तरी गव्हाचं पीठ घाल," तो हळूच म्हणाला.

"महाग पडतं रे, दादा." बेकरीवाला खाली बघून पुडकं बांधत होता. "तू नको खाऊस हा. टाकून देत जा वाटेत कुठेतरी."

"समोर बसून खाऊ घालते ती."

यावर बेकरीवाल्याने पुडक्याला दोऱ्याचा आणखी एक वेढा दिला.

पायरीवर वहिनीने वही पुढे केली. दोनशे एकेचाळीस आणि दोनशे अडतीस, दोन्हींवर रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'चोरून बिस्किटं'. खाली दोन ओळी होत्या: 'केळं बंद. पाव चालू.'

"करा सही. नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' हे नको."

दादाने गरम पाव काखेत धरला आणि सही केली.