घंगाळातली मासळी

“पावसाळ्यात अंडी भरलेली मासळी धरायची नाही, हे आता सरकारचं धोरण आहे,” मत्स्य खात्याचे पेडणेकर साहेब भोईवाड्याच्या सभेत तळमळून सांगत होते. तेवढ्यात म्हातारा धाकूतात्या मधूनच उठून चालू लागला. “खरं बोललं की झोंबतं बघा!” साहेबांनी टोमणा मारला. सगळे हसले. तात्यानं वळूनही पाहिलं नाही.

सभेनंतर जेवण नेमकं तात्याकडेच होतं. तात्याच्या बायकोनं ताटात वाढलेलं पिठलं पाहून साहेबांना राहवलं नाही. “काकू, नदीकाठचं घर, आषाढाचे दिवस, आणि मासळीच्या अंड्यांची गाभोळी नाही?”

“होती की, साहेब. खास तुमच्यासाठी पहाटे भरल्या पोटाची मासळी धरून घंगाळात जिवंत ठेवली होती. तुमचं भाषण ऐकलं, तसे हे उठून घरी आले आणि अख्खं घंगाळ नदीत रिकामं करून आले.”

साहेबांचा घास हातातच राहिला.

ओल्या धोतरानिशी तात्या भाकरी वाढायला वाकला.

“चुकलंच माझं, साहेब,” तो ओशाळून म्हणाला. “तुम्हाला विचारून सोडायला हवी होती.”