हिरव्या गॅलरीतला पुतळा

सोमवारी दुपारी तीनच्या फेरीत गाइडची नोकरी गेली. पण ते जाऊ द्या. तसं काही झालंच नाही असं समजून पुढे वाचा.

नदीतून शहर दाखवणाऱ्या त्या बोटीवर एकच नियम कडक होता. गाइडने एका मिनिटाच्या वर गप्प बसायचं नाही. आणि जुना पूल ते घड्याळाचा मनोरा या चार मिनिटांत दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. एक गोदाम आणि हिरव्या गॅलरीचं एक घर. गॅलरीत एक म्हातारा मांडीवर पेपर टाकून डुलक्या घेत होता.

दोन वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच दिवशी, गाइडने भोंग्यावरून ठोकून दिलं, "डावीकडे पाहा! हा पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचा हुबेहूब पुतळा!"

भोंगा असा की काठावरची कबुतरं उडायची.

दुसऱ्या दिवसापासून पेपर दिसला नाही. म्हातारा मात्र दिवसाच्या पाचही फेऱ्यांना ताठ बसलेला. एकदा डोक्यावर कबूतर बसलं, तरी हलला नाही. गाइडचं नशीबच जोरावर होतं.

"काय कारागिरी आहे हो," लोक म्हणायचे. "कानावरचे केससुद्धा सोडले नाहीत!"

पुढे कंपनीने तिकिटावर पुतळ्याचं चित्र छापलं. आणि सोमवारी तो बघायला खुद्द साहेब बोटीवर आले.

"पोरी, तिसरी नोकरी ना तुझी?" बोट चालवणारे काका कुजबुजले. "ही तरी टिकव."

पूल मागे पडला. हिरवी गॅलरी आली. खुर्ची रिकामी होती.

"पुतळा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"धुवायला नेलाय."

"कोणी?"

गाइड एका मिनिटाच्या वर गप्प बसली. मग तिने सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांनी तिच्या हातातला माईक काढून घेतला आणि घड्याळाचा मनोरा स्वतःच दाखवला, तोही उजवीकडे. तो डावीकडे होता.

संध्याकाळी ती म्हाताऱ्याची माफी मागायला त्या घरी गेली. दार सुनेने उघडलं.

"मी त्या बोटीवरची..."

"आवाजावरूनच ओळखलं. बाबांना दुपारपासून ताप आहे, आत्ताच डोळा लागलाय. दर फेरीला उठू पाहत होते, मीच दटावून झोपवलं." तिने घडी घातलेला कागद पुढे केला. "हा तुमच्या ऑफिसात द्यायचाय म्हणाले."

गाइडने जिन्यातच तो उघडला.

"मा. व्यवस्थापक यांस सविनय सादर. मी आपल्याकडे गेली दोन वर्षे पुतळा या पदावर, दररोज पाच फेऱ्या, कार्यरत आहे. कबुतराच्या प्रसंगीही कर्तव्यात कसूर केलेली नाही. आज दुपारपासून तापामुळे पूर्वसूचना न देता गैरहजर राहिलो, त्याबद्दल दिलगीर आहे. तरी सदर रजा मंजूर करून मला सेवेत कायम करण्यात यावे, ही विनंती."