पैलवान उठला

टीव्हीवरची नदी अडकली ती अडकलीच. जरा सरकायची, थांबायची, परत सरकायची. गणपती मंडळाच्या पत्र्याच्या ऑफिसात अख्खी कमिटी मांडीला मांडी लावून बसलेली, आणि लॅपटॉप टीव्हीला जोडून मानसी माऊस ढकलतेय.

"काय गो मानसी," अध्यक्ष धोंडिरामकाका म्हणाले, "तुझो गणपती येयपर्यंत विसर्जन होतला!"

पत्रा हलला एवढे हसले सगळे.

नितेशनं लगेच घोडं पुढं दामटलं. दरवर्षीचा कापडी महाल लावणारा डेकोरेटर त्याच्याच ओळखीतला. "काका, महालाला हात वर करून टाकू ना. हिचं साधं चित्र चालत नाय, देखावा काय चालणार?"

"चित्र नाय रे ते! कॉम्प्युटरच्या आत सगळा देखावा बांधलाय मी. आपली दहिसर नदी, नाला व्हायच्या आधीची. आत फिरलात की कळेल."

पण फिरणार कसं? सजावट कोणाची ते आत्ता ठरणार होतं. महालाला हात वर झाले की मानसीची नदी गेली पुढच्या वर्षावर. घरी तर हेच झकास पळायचं! घरी लॅपटॉप नुसता घोंघावायचा, आई ओरडायची, बंद कर ती गिरणी. आणि इथं? चिडीचूप.

चिडीचूप? मानसीनं कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह बघितलं आणि कपाळावर हात मारला. चार्जर पिशवीत. बोर्डावर टीव्हीच्या शेजारच्या सॉकेटमध्ये काकांचा मोबाईल चार्जिंगला.

"अरे देवा, पैलवान झोपलाय!"

"कोण झोपलो?"

"काका, याच्या आत चित्र ओढणारे दोघं असतात. एक साधं ग्राफिक्स, कमी वीज खाणारं, बारीकसारीक कामाचं. दुसरं वेगळं कार्ड, तो पैलवान. बॅटरीवर चालवलं की हा लॅपटॉप पैलवानाला झोपवतो, चार्जिंग वाचवायला. म्हणजे मूर्तीची ट्रॉली ओढतायत बालवाडीतली पोरं, आणि पैलवान घरी पंख्याखाली!"

"मग उठव की त्याला!" मागून कोणीतरी.

"काका, तुमचा मोबाईल काढा आधी."

"माझ्या मोबाईलान काय केल्यान आता?" काका कुरकुरले, पण काढला.

चार्जर घुसला. मानसीनं सेटिंगमध्ये जाऊन डिझाईनच्या सॉफ्टवेअरसमोर मोठं कार्ड निवडलं. "आता हे बंद करून परत उघडायचं."

"झालं," नितेश म्हणाला. "चहा सांगा रे."

टीव्ही काळा झाला. काळाच राहिला. चहा सांगायला कोणी उठलं नाही. नितेशसुद्धा बसून.

मग टेबलावर घूंऽऽ सुरू झालं. लॅपटॉपच्या पोटातला पंखा! गरम वाऱ्यानं बाजूची वर्गणीची पावती उडून खाली गेली.

"उठला! उठला रे पैलवान!" मागची पोरं बाकावर उभीच राहिली.

आणि नदी सुटली. कुठं अडकणं नाही, काही नाही. दगडांवरून, वडाच्या पारंब्यांखालून, लख्ख, तळातली वाळू दिसेल अशी. मानसी माऊस ढकलत होती आणि अख्खी कमिटी नदीबरोबर डावीकडं, उजवीकडं कलत होती. वळण आलं. वळणावर दगडी पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसलेला बाप्पा.

"मागं घे, मागं घे, परत दाखव!" ओरडला कोण, तर नितेश.

मानसीनं काकांकडं बघितलं. ते खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात आले होते. हसत नव्हते.

"काका, पायऱ्यांवरनं खाली नेऊ?"

"ने. पण दमान," काका म्हणाले. "हय खोल आसा गो."

आणि डोळे टीव्हीवरच ठेवून त्यांनी चपला काढल्या, पायजमा घोट्याच्या वर उचलून धरला.