चाळीस तास बाकी

दत्ताराम वारून अकरा दिवस झाले होते आणि तो बागेतली पानं झाडत होता. शिक्षा म्हणून मिळालेल्या समाजसेवेचे चाळीस तास बाकी होते, म्हणून कोर्टाने त्याच्या अंगात मोटारी बसवल्या होत्या.

"साहेब, आता तरी देह द्या. अग्नी द्यायचाय," त्याची बायको शेवंता पर्यवेक्षकाला म्हणाली.

"तास संपले की लगेच, वहिनी."

"किती उरलेत?"

"चाळीस."

"अहो, अकरा दिवस झाडतायत ना ते!"

"झाडतात छानच. पण हजेरीच्या यंत्राला गरम अंगठा लागतो. यांचा गार."

"मग मी झाडते."

"गुन्हा तुम्ही केलाय का?"

शेवंता बाकावर बसली. दत्ताराम झाडत झाडत तिथवर आला. तिने पाय वर घेतले आणि त्याला पुढे जाऊ दिलं.