वहिनीला मचव्यावर दिलं

आधी ऐक तर. दादा मुंबईला आणि इकडे वहिनीला कळा सुरू. मी तिला स्पीडबोटीत बसवलं, दवाखाना पलीकडच्या काठाला, म्हटलं खाडी पाच मिनिटांत पार. पण एवढीशी बोट, वेग घेतला की प्रत्येक लाटेवर आपटायची. वहिनी माझा दंड आवळून म्हणायची, "भावोजी, हळू." हळू केली की नुसती डोलायची.

मध्येच मासळीचा मोठा मचवा भेटला. चाल गोगलगायीची, पण पोटातलं पाणी हलत नव्हतं. त्यातल्या कोळणी म्हणाल्या, "दे तिला इकडे." दिली, आणि मी सुसाट नर्सला आणायला गेलो.

परतलो तर मचव्यावर बाळ रडत होतं, वहिनी हसत होती. दादा मात्र फोनवर म्हणाला, "तुझी बायको असती तर खाडीत सोडून गेला असतास?"

तू सांग ना, तू काय केलं असतंस?